अल्ट्रामॅन नेक्सस: पहिल्यांदाच पाहणार असाल तर

२ ऑक्टोबर २००४, शनिवार, सकाळचे साडेसात. जपानमधल्या मुलांनी नवा अल्ट्रामॅन बघायला टीव्ही लावला आणि समोर आला अंधार, किंचाळणारी माणसं आणि त्यांना गिळणारा एक बुळबुळीत प्राणी. ज्याच्यासाठी टीव्ही लावला तो अल्ट्रामॅन पहिल्या भागात जेमतेम दिसला. पुढचे नऊ महिने साधारण हाच सूर राहिला. २५ जून २००५ला, ३७ भागांनंतर, ठरलेल्या वेळेच्या आधीच ही मालिका आटोपती घ्यावी लागली. तरी आज कोणी विचारलं, की जपानच्या महाकाय नायकांच्या मालिकांमध्ये मोठ्या माणसाने बघावं असं काय आहे, तर जाणकारांच्या तोंडी ‘अल्ट्रामॅन नेक्सस’ हे नाव लगेच येतं.

बरेच नवे प्रेक्षक ती चौथ्या-पाचव्या भागावर सोडून देतात. चूक त्यांची नाही. ते ज्याची वाट बघत बसतात ते इथे उशिरा येतं आणि वेगळ्या रूपात येतं. म्हणून आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. या मालिकेत नजर ठेवायची ती महाकाय नायकावर नाही, त्याच्याकडे खालून बघणाऱ्या माणसावर. ही जागा बदलली की पुढचं बरंच सोपं होतं.

१. पूर्वतयारी, पण बेताची

अल्ट्रामॅनच्या साठ वर्षांच्या पसाऱ्यातलं सगळं बघून मग नेक्ससकडे यावं, असं अजिबात नाही. नेक्ससची गोष्ट स्वतंत्र जगात घडते. जुने अल्ट्रामॅन तिथे येत नाहीत, जुने संदर्भ लागत नाहीत.

फक्त १९६६च्या मूळ ‘अल्ट्रामॅन’चे एक-दोन भाग बघून घ्या, कुठलेही. त्यात साचा कळतो: राक्षस येतो, संरक्षण दलाची विमानं उडतात, दलातला हायाता संकटात सापडतो, अल्ट्रामॅन होतो, छातीवरचा दिवा लुकलुकायला लागतो, तीन मिनिटांत निकाल. पुढच्या आठवड्यात नवा राक्षस, पाटी कोरी. नेक्ससने यातली जवळपास प्रत्येक गोष्ट उलटी फिरवली आहे, आणि साचा माहीत असेल तरच ती उलटापालट जाणवते.

आपल्याकडे ज्यांनी ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ‘जायंट रोबॉट’ पाहिला आहे त्यांना हा प्रकार नवा नाही. रबरी सूट घातलेला माणूस, छोट्या इमारती, धूर, ठिणग्या: त्यालाच जपानी लोक टोकुसात्सु म्हणतात. पण तो रोबॉट आणि हा अल्ट्रामॅन यांच्या मनःस्थितीत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

२. पहिले चार भाग एका बैठकीत

प्रत्येक भाग साधारण पंचवीस मिनिटांचा. चार भाग म्हणजे एक मध्यम लांबीचा सिनेमा, आणि तो तसाच बघावा. रोज एक भाग बघितलात तर तिसऱ्या दिवशी कंटाळा येईल, कारण पहिल्या राक्षसाचंच प्रकरण एका भागात संपत नाही.

कथेचं दार म्हणजे कोमोन काझुकी. हा तरुण बचाव पथकात काम करतो. बुडणाऱ्याला बाहेर काढणं, अडकलेल्याला सोडवणं हे त्याचं काम. अचानक त्याची बदली टीएलटी नावाच्या गुप्त संघटनेत, ‘नाइट रेडर’ नावाच्या पथकात होते. हे पथक स्पेस बीस्ट मारतं. हे प्राणी माणसांना खातात आणि माणसाच्या भीतीवर पोसतात. म्हणून त्यांच्याबद्दल जगाला काही कळता कामा नये असा टीएलटीचा कायदा.

मग ज्यांनी पाहिलं त्यांचं काय? त्यांच्यासाठी मेमरी पोलीस आहेत. घटना घडून गेली, की हे लोक येतात, हातात मावेल असं उपकरण वाचलेल्यांच्या चेहऱ्यासमोर धरतात, आणि त्या माणसाच्या डोक्यातून ती रात्र पुसली जाते. कोणाचा नवरा गेला, कोणाची मैत्रीण गेली. आता तो का गेला, कसा गेला हेही त्यांच्याकडे उरत नाही. मालिका यावर भाषण करत नाही. कोमोन बाजूला उभा असतो आणि त्याला हे बघवत नाही, एवढंच दिसतं. मला विचाराल तर पहिल्या चार भागांतली खरी भीती राक्षसांची नाही, ही आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: नाइट रेडरच्या लेखी सुरुवातीला अल्ट्रामॅनसुद्धा एक निशाणाच आहे. वाचवायला आलेल्यावरच बंदुका रोखलेल्या बघून चरफडायला होईल. होऊ द्या.

३. कोणाकोणाला ओळखून ठेवायचं

नावं जपानी पद्धतीने, आडनाव आधी, अशी देतो. सबटायटलमध्ये उलटी दिसू शकतात.

साइजो नागी ही पथकाची उपकप्तान. करारी, तुटक बोलणारी, बीस्टबद्दल मनात नुसता द्वेष. सुरुवातीला ती एकसुरी वाटेल. दम धरा, तिच्या वाट्याला बरंच काही आहे. कप्तान वाकुरा शांत आणि वरून आलेल्या हुकमांवर संशय घेणारा. हिराकी शिओरी आणि इशिबोरी मित्सुहिको हे उरलेले दोघे. पथकातला थोडाफार हलकेपणा त्यांच्यामुळे येतो. किरासावा यू हा मुलगा तळावर बसून पुढचा हल्ला कुठे होणार ते सांगतो. त्याला सगळे ‘इलस्ट्रेटर’ म्हणतात.

साइदा रिको ही कोमोनची मैत्रीण, चित्रकलेची विद्यार्थिनी. तिने कोमोनला दिलेलं पक्ष्याच्या आकाराचं गंमतशीर खेळणं, गांबारु कुइना-कुन, मधून मधून पडद्यावर येत राहतं. तिचे प्रसंग मध्येच घातलेला प्रेमाचा भाग समजून पुढे ढकलू नका. याहून जास्त सांगत नाही.

पत्रकार नेगोरो हा टीएलटीच्या मागावर असलेला माणूस. तो येतो तेव्हा गोष्ट जरा रस्त्यावरच्या माणसांत येते, म्हणून मला तो आवडतो.

४. हिमेयाचा थकवा मोजत राहा

हिमेया जुन हा अल्ट्रामॅन होणारा माणूस. नायक नव्हे, नायक कोमोनच. हिमेया पूर्वी वृत्तछायाचित्रकार होता. युद्धक्षेत्रात काढलेल्या एका फोटोने त्याला नाव दिलं आणि त्याची झोप नेली. तो फोटो कशाचा, हे मालिकेलाच सांगू दे.

बाकी अल्ट्रामॅन मालिकांत रूपांतर म्हणजे जल्लोषाचा क्षण असतो. इथे ते ओझं आहे. लढाईत अल्ट्रामॅनच्या खांद्याला लागलं, तर पुढच्या प्रसंगात हिमेया खांदा धरून झाडाला टेकलेला दिसतो. श्वास लागलेला, शर्टावर रक्त. मग स्टोन फ्लूगेल नावाची दगडी होडीसारखी वस्तू आकाशातून येते, तो तिच्यात जाऊन निजतो आणि थोडा बरा होतो. पुरता नाही. पुढच्या भागात तो त्याच अर्धवट बऱ्या शरीराने पुन्हा उतरतो. पाटी कोरी होत नाही, ती ही अशी.

पहिल्या-दुसऱ्या वेळी हे लक्षात येत नाही. म्हणून सांगतो, दर लढाईनंतर तो कसा चालतो ते बघा. अकराव्या भागातला हिमेया आणि चौथ्या भागातला हिमेया शेजारी ठेवलेत, तर कथेने काय केलं आहे ते संवादाशिवाय कळेल. भूमिका करणारा किरिशिमा युसुके बोलतोही कमी. खांदे, डोळे आणि चाल यांवरच भागवतो.

५. मेटाफील्डबद्दल तक्रार करण्याआधी

अल्ट्रामॅनची तीन रूपं लक्षात ठेवली तरी पुष्कळ: चंदेरी ‘आन्फान्स’ हे सुरुवातीचं, लाल ‘जुनिस’ हे हिमेयाचं, आणि पुढे येणारं निळं. जुनिसमध्ये गेला की तो स्वतःभोवती आणि बीस्टभोवती मेटाफील्ड नावाची वेगळीच जागा उभी करतो: लालसर माती, ओसाड टेकड्या, वर रंगीत प्रकाशाचं आकाश. लढाई तिथे होते, म्हणजे शहर आणि माणसं वाचतात. पण ती जागा टिकवायची तर त्याची शक्ती खर्ची पडते.

नव्या प्रेक्षकाची मोठी तक्रार इथेच असते: दर वेळी तीच माती, तेच आकाश, कोसळणाऱ्या इमारती कुठे आहेत? तक्रार खोटी नाही. दर आठवड्याला नवं छोटं शहर बांधायचं आणि पाडायचं म्हणजे पैसा लागतो, आणि मेटाफील्डमुळे तो वाचतो. लागोपाठ भाग पाहिले की एकसुरेपणा जाणवतो, माझंही त्याबद्दल दुमत नाही. त्यावर उपाय म्हणजे दिवसाला दोन, फार तर तीन भाग. पहिले चार हा अपवाद.

विमानांबद्दलही हेच. नाइट रेडरची क्रोम चेस्टर विमानं एकमेकांना जोडून मोठं विमान होतं आणि त्याच्या जुळणीचे प्रसंग वरचेवर येतात. इतक्या काळोख्या मालिकेलाही दुकानात खेळणी विकायची होतीच. त्यातलं संगणकावरचं काम २००४चं आहे हे लपत नाही. हे प्रसंग पळवलेत तरी चालेल. एवढी एकच सूट.

६. बारा भागांनंतर थांबा आणि सिनेमा बघा

अकरावा आणि बारावा भाग लागोपाठ बघा, आणि रात्री बघणार असाल तर त्यानंतर दुसरं काही लावू नका. पहाटे लवकर उठायचं असेल तर दुसऱ्या दिवशीवर टाका.

मग मालिका बाजूला ठेवून ‘अल्ट्रामॅन: द नेक्स्ट’ हा सिनेमा बघा. नेक्ससच्या मागे ‘अल्ट्रा एन प्रोजेक्ट’ नावाची मोठी योजना होती: नोआ, नेक्स्ट आणि नेक्सस असे तीन अल्ट्रामॅन. त्यातला हा सिनेमा दिग्दर्शक कोनाका काझुया आणि लेखक हासेगावा केइइची या जोडीचा, आणि मालिकेतही हेच दोघे मुख्य. कथा हवाई दलातल्या एका वैमानिकाची. घरी आजारी मुलगा, त्याला वेळ देता यावा म्हणून नोकरी सोडायला निघालेला बाप, आणि अशा वेळी आकाशातून आलेला लाल प्रकाश त्याच्या विमानावर आदळतो. शेवटची झुंज शिंजुकूमध्ये. मालिकेत ज्या जुन्या शिंजुकू घटनेबद्दल लोक दबक्या आवाजात बोलतात, तिचं मूळ इथे आहे.

बरेच जण सांगतात, कथेच्या काळानुसार सिनेमा आधीचा, म्हणून तोच आधी बघा. मला ते पटत नाही. सिनेमा जपानमध्ये १८ डिसेंबर २००४ला लागला, म्हणजे मालिका बाराव्या भागाच्या आसपास पोचली होती तेव्हा. तिथल्या प्रेक्षकांनाही तो याच टप्प्यावर भेटला. आधी बघितलात तर टीएलटी काय लपवतंय याची उत्सुकता निघून जाते. शिवाय बाराव्या भागानंतर मनाला जरा ऊब हवी असते, आणि बाप-मुलाची ही गोष्ट ती देते. त्यात इमारतीही कोसळतात; ज्यांची मेटाफील्डची तक्रार होती त्यांचंही समाधान.

७. तेरापासून चोवीसपर्यंत

या टप्प्यात मालिकेने जम बसवलेला असतो, फार सूचना लागत नाहीत. मिझोरोगी हे नाव आलं, की त्याचं नागीशी पूर्वी काय नातं होतं ते कान देऊन ऐका. ‘अकिरामेरुना’, म्हणजे ‘हार मानू नकोस’, हे कोमोनच्या लहानपणीच्या आठवणीतले शब्द. ते कोणाच्या तोंडून, कोणासाठी येतात तेही टिपत राहा.

चोवीसाव्या भागाचं नाव ‘नायक’. तो पूर्ण बघा, मध्ये फोन घेऊ नका.

८. दुसरा माणूस

नेक्ससचा प्रकाश एका माणसाकडे कायमचा राहत नाही. तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो. एवढं आधी कळलं तरी काही बिघडत नाही, उलट पंचविसाव्या भागाच्या सुमारास जो धक्का बसून लोक मालिका सोडतात तो बसणार नाही. हिमेयात जीव गुंतलेला असतो, आणि अचानक समोर येतो सेंजू रेन: अम्युझमेंट पार्कमध्ये काम करणारा, कायम हसतमुख, पोरसवदा मुलगा. लढाईतही जरा बिनधास्त.

पहिल्या दोन भागांत तो उथळ वाटेल. तो इतका निश्चिंत का, हा प्रश्न मनात ठेवून बघा; कारण आहे, आणि ते कळल्यावर आधीचं हसणं वेगळं दिसायला लागतं. नोनोमिया मिझुओ ही मेमरी पोलीसमधली मुलगी त्याच्यावर पाळत ठेवायला पाठवलेली. ज्या खात्याचा पहिल्या चार भागांत राग आला होता, त्या खात्यातलं माणूस इथे जवळून दिसतं. रेनचा हा भाग मला हिमेयाइतकाच आवडतो, पण पोत निराळा: हिमेयाकडे अपराधाची टोचणी, रेनकडे संपत चाललेला वेळ.

९. शेवट घाईत आहे, हे आधीच माहीत असू द्या

मूळ बेत जवळपास वर्षभराचा होता. मुलांच्या वेळेला इतकं काळोखं काही चाललं नाही आणि भाग ३७वर आले. त्याची झळ शेवटच्या दोन-तीन भागांना बसली आहे. ज्या गोष्टींना आठ-दहा भाग मिळायला हवे होते त्या एकेका भागात उरकल्या आहेत. छत्तिसावा आणि सदतिसावा भाग बघताना दम लागतो.

तरीही शेवटचा भाग फसलेला नाही, कारण कोमोनला इतके दिवस नुसतं बघायला लावलं होतं ते कशासाठी, याचं उत्तर त्यात आहे. घाई खटकते, उत्तर पटतं.

१०. शोधू नका

मालिका संपेपर्यंत कुठल्याही पात्राचं नाव इंटरनेटवर टाकू नका. खरंच टाकू नका. या मालिकेतली दोन मोठी रहस्यं अशी आहेत, की नाव लिहिताच पहिल्या ओळीत, नाहीतर शेजारच्या चित्रात, फुटतात. खेळण्यांच्या याद्या आणि व्हिडिओंवरची चित्रंही तितकीच घातक. शंका असेल तर आधी पाहिलेल्या मित्राला विचारा आणि ‘फक्त अमुक भागापर्यंतचं सांग’ अशी अट घाला.

मूळ जपानी आवाज आणि इंग्रजी सबटायटल, याच रूपात बघा. अल्ट्रामॅन बनवणाऱ्या त्सुबुराया प्रॉडक्शन्सची अधिकृत वाहिनी आणि अधिकृत प्रती एवढ्यातच शोध घ्या. इकडून तिकडून उचललेल्या प्रतींत सबटायटल अर्धवट असतात, आणि या मालिकेत अर्धं वाक्य चुकलं की पुढचे चार भाग गोंधळ.

घरात लहान मुलं असतील तर

‘जपानी आहे, राक्षसांचं आहे, म्हणजे डोरेमॉनसारखंच’ असं समजून पाच वर्षांच्या मुलाच्या हातात ही मालिका देऊ नका. रक्ताचे पाट वाहत नाहीत, पण जवळची माणसं मरतात, मेलेली माणसं परत भलत्या रूपात समोर येतात, आणि मोठी माणसं मुलांशी खोटं बोलतात. बारा-तेरा वर्षांच्या मुलाबरोबर बसून बघायला मात्र चांगली आहे. मध्ये मध्ये थांबवून बोलता येतं. धाकट्यांसाठी ‘अल्ट्रामॅन मॅक्स’ लावा. नेक्सस संपल्यावर आठवड्याभरात, २ जुलै २००५ला, तीच वेळ धरून ती सुरू झाली: लख्ख उजेड, दर भागात नवी गोष्ट, आणि १९६६च्या मालिकेतले कुरोबे सुसुमु आणि साकुराई हिरोको हे कलाकारही त्यात आहेत.

संपल्यावर काय

नेक्ससचा काळोख आवडला पण लांबी झेपली नाही, तर ‘अल्ट्रासेव्हन एक्स’. २००७मधले फक्त बारा भाग, रात्री उशिरा दाखवलेले, म्हणजे इथे मुलांची वेळ सांभाळायची भानगड नव्हती. स्मृती गेलेला जिन, पडद्यांनी भरलेलं आणि सगळ्यांवर नजर ठेवणारं शहर, आणि अल्ट्रासेव्हन प्रत्येक भागात अगदी थोडा वेळ. शेवटच्या भागाची मजा यायला १९६७ची ‘अल्ट्रासेव्हन’ थोडीफार माहीत हवी, तेव्हा तिचे चार-दोन भाग आधी बघून घ्या.

नेक्ससचीच आठवण येत असेल, तर ‘अल्ट्रामॅन एक्स’ या २०१५च्या मालिकेचा विसावा भाग. नेक्सस त्यात पाहुणा म्हणून येतो, भागाचं नावही नेक्ससच्या जुन्या पद्धतीने लिहिलं आहे, आणि बाकीची मालिका न बघताही तो कळतो. २०१०च्या ‘अल्ट्रामॅन झीरो’ सिनेमात नोआ भेटतो, पण तो कोण हे नेक्ससच्या शेवटाशी जोडलेलं आहे. म्हणून तो सिनेमा सदतिसाव्या भागानंतरच.